जुनी प्रवचनं आणि दोन पेन्सिली

अमेरिकेतल्या सुधारक प्रोटेस्टंट पाद्र्यांची 1880 ते 1915च्या दरम्यानची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यांत उत्क्रांतिवाद कुठे मुरलाय, हे ओळखायला मी पानांच्या प्रिंट काढतो आणि दोन पेन्सिली घेतो. आयुष्यभर पेपर तपासलेत, हाताला तीच सवय.

अंकुर, वाढ, टप्पा या शब्दांखाली लाल रेघ. स्पर्धा, झुंज, लायकी यांखाली निळी. डार्विनचं नाव शोधत बसू नका, पुष्कळदा ते नसतंच.

आधी इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर थोडा समजून घ्या. ‘लायक तोच टिकतो’ हे शब्द त्याचे, 1864चे. समाज आपला आपण सुधारतो, सरकारनं लुडबुड करू नये, हे त्याचं म्हणणं. पाद्र्यांना उत्क्रांती हवी होती, हा निष्कर्ष नको होता. स्कॉटलंडचा धर्मप्रचारक लेखक हेन्री ड्रमंड यानं 1894मध्ये वाट काढली: दुसऱ्याच्या जगण्यासाठीची झुंजही निसर्गातलीच, आईकडे बघा. (शास्त्र म्हणून लंगडं, प्रवचन म्हणून झकास.)

आता सावकाश वाचायचा तो वॉल्टर राउशेनबुश. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या गरीब वस्तीजवळ 1886पासून अकरा वर्षं जर्मन बाप्टिस्टांचा (हा एक प्रोटेस्टंट पंथ) पाद्री. त्या वस्तीतल्या लहान मुलांच्या अंत्यविधींनी तो हादरला होता. त्याच्या 1907च्या पुस्तकात लाल रेघा दाट पडतील. पेरणारा, मोहरीचा दाणा, खमीर अशा दृष्टान्तांवरून येशूला सेंद्रिय वाढीचा नियम उमगला होता, असं तो म्हणतो. पण तिथं थांबू नका. शेवटाकडे तोच बजावतो की प्रगती आपोआप होत नाही, समाज कुजूनही जातात. पीक वाढतं, पण राखण करावी लागते! स्पेन्सरपासून तो तुटतो तो इथं.

निळी रेघ अमेरिकन पाद्री जोसाया स्ट्राँगच्या 1885च्या पुस्तकात लागेल. शहरांच्या दुःखाबद्दल तो कळवळून लिहितो, म्हणून मी भारावून वाचत गेलो. शेवटाकडे वंशांची अंतिम स्पर्धा आणि अँग्लो-सॅक्सनांचा, म्हणजे इंग्रजी वंशाच्या गोऱ्यांचा, विजय निघाला. तेव्हापासून शेवटची प्रकरणं आधी चाळतो.

मग आपल्याकडचे विठ्ठल रामजी शिंदे काढा. 1901 ते 1903 ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात, उदारमतवादी युनिटेरियनांकडे (त्रैक्य न मानणारे, देव एकच म्हणणारे ख्रिस्ती) शिकले. 1906मध्ये मुंबईत अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. पण मूळचे जमखंडीच्या वारकरी घरातले. वाढीचा प्रत्येक शब्द विलायतेहून आला असेलच असं नाही. त्यांच्या पानांवर मी साधी शिसपेन्सिल वापरतो, खोडता येणारी.