गाणं कापलं तरी पाऊल चुकणार नाही

गॅदरिंगसाठी पाच मिनिटांचं गाणं तीन मिनिटांवर आणलं, की जोडावर हमखास मुलांचं पाऊल चुकतं. दोष मुलांचा नसतो, कट नाचातल्या ‘एक ते आठ’ ठोक्यांच्या मोजणीत अधेमधे पडलेला असतो.

१. गाण्याचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, काढा. ६० ला त्याने भागा आणि ८ ने गुणा. १२० बीपीएमला एक ‘आठ’ बरोबर ४ सेकंदांचा, १०० ला ४.८ चा.

२. काढायचा तुकडा या ‘आठा’च्याच पटीत ठेवा आणि दोन्ही टोकं ‘एक’च्या ठोक्यावर. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये निवड करून झेड दाबलं की टोकं शून्यरेषेवर सरकतात, जोडावरची टकटक जाते. शब्द मध्येच तुटत असेल तर अख्खा आठ पुढे-मागे सरका, अर्धा नको.

३. फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबणाऱ्या प्रकारात, काढा. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. ठाण्याच्या घाणेकर किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहातल्या मोठ्या स्पीकरवर दबलेला आवाज लगेच उघडा पडतो, आणि मुलांनी इतकी मेहनत घेतलेली असते!

जुन्या, वादकांनी प्रत्यक्ष वाजवलेल्या गाण्यांची लय हलते. तिथे हे गणित फक्त अंदाजापुरतं, ढोलकीचा ठोका कानानेच पकडा.