छोट्या गाडीसाठी हलका वूड चिपर कसा निवडावा

उन्हाळ्याच्या अखेरीस नागपुरात वादळी पाऊस येऊन गेला की सिव्हिल लाइन्सपासून प्रतापनगरपर्यंत गुलमोहर, सोनमोहर आणि कडुनिंबाच्या मोडलेल्या फांद्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडलेले दिसतात. झाडांची छाटणी करणाऱ्या छोट्या व्यावसायिकाची खरी अडचण या फांद्या कापण्याची नसते, वाहून नेण्याची असते. हौदा शिगोशीग भरलेला दिसतो, पण त्यात लाकूड थोडे आणि पोकळीच अधिक असते. चिपर, म्हणजे फांद्या कापून त्यांचा बारीक चुरा करणारे यंत्र, ही पोकळी काढून टाकतो. झाडाच्या जातीनुसार आणि पानांच्या प्रमाणानुसार फांद्यांचा ढीग साधारण चौथ्या ते आठव्या हिश्श्यावर येतो. वजन मात्र जेवढे होते तेवढेच राहते, आणि ही एक गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळ जण आपल्या गाडीला न पेलणारे यंत्र विकत घेतात. म्हणूनच चिपरची निवड विक्रेत्याच्या माहितीपत्रकापासून नव्हे, तर स्वतःच्या गाडीच्या आरसी बुकापासून सुरू करावी.

पहिली पायरी: गाडी किती पेलते ते काढा

आरसी बुकात गाडीचे रिकामे वजन आणि भारासह अनुज्ञेय एकूण वजन असे दोन आकडे असतात. त्यांतील फरक म्हणजे आपल्या हाती असलेली भारक्षमता. केवळ कागदावर विसंबू नये. हौद्याला नंतर जाळी, लोखंडी पत्रे किंवा अवजारांची पेटी बसवलेली असेल, तर गाडी एकदा धर्मकाट्यावर नेऊन तिचे प्रत्यक्ष वजन करून घ्यावे.

उदाहरणादाखल भारक्षमता 750 किलो धरू. ‘छोटा हत्ती’ वर्गातील गाड्यांची क्षमता साधारण याच्या आसपास असते. त्यातून चालक आणि एक सहकारी मिळून 130 किलो, करवती, दोर, शिडी आणि इंधनाचे 80 किलो, चुऱ्यासाठी उंच केलेल्या बाजूंचे 60 किलो आणि चिपरचे 180 किलो वजा केले, तर 300 किलो उरतात. ओल्या लाकडाच्या चुऱ्याचे वजन एका घनमीटरला साधारण 300 किलो भरते, म्हणजे एका खेपेला एक घनमीटर चुरा नेता येईल. आता त्याच गाडीत 400 किलोचा चिपर ठेवून पाहा: चुऱ्यासाठी अवघे 80 किलो उरतात आणि गाडी दिवसभर फक्त चिपरच फिरवत राहते. माझ्या मते या वर्गाच्या गाडीवर 200 किलोंच्या वरचे यंत्र चढवू नये. पिकअप वर्गाच्या मोठ्या गाडीला फांदी आत ओढणारे हायड्रॉलिक रोलर असलेले, तीनशे किलोंच्या पुढचे यंत्र परवडू शकते. तरीही हिशेब हाच मांडावा.

चिपर गाडीला कायमचा जोडण्याचा विचार असेल, तर आधी आरटीओ कार्यालयात चौकशी करावी, कारण वाहनाच्या मूळ रचनेत करावयाच्या बदलांना मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 चे नियम लागू होतात. चाकांवरचे, चढवता-उतरवता येणारे यंत्र घेतल्यास हा प्रश्न बहुधा उद्भवत नाही, पण रॅम्पचा विचार करावा लागतो. हौद्याच्या उंचीच्या तिप्पट लांबीचा रॅम्प वापरला, तर 150 किलोचे यंत्र वर चढवताना घर्षण सोडून सुमारे 50 किलोंचा जोर लागतो. दोन माणसांना तो झेपतो. रॅम्प आखूड असेल तर हाच जोर झपाट्याने वाढतो आणि यंत्र मागे घसरण्याचा धोका निर्माण होतो.

दुसरी पायरी: कोणती फांदी चिपरमध्ये घालायची ते ठरवा

माहितीपत्रकातील ‘कमाल जाडी’चा आकडा हा सर्वांत फसवा असतो. तीन इंची फांदीपेक्षा चार इंची फांदीचे काप-क्षेत्र सुमारे पाऊणपट अधिक असते, त्यामुळे जाडीत एका इंचाची वाढ मागितली की इंजिन, पाती बसवलेले फिरते चाक आणि सांगाडा हे सारेच जड होत जाते. आपल्याकडे तीन-चार इंचांच्या वरच्या लाकडाला सरपण म्हणून गिऱ्हाईक मिळते, जळाऊ लाकडाची टालही ते घेते. जे लाकूड विकले जाते त्याचा चुरा करण्यासाठी पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही. उरतो तो झाडोरा, म्हणजे डहाळ्या, शेंडे आणि पानांनी भरलेल्या बारीक फांद्या. त्यासाठी अडीच ते तीन इंची लाकूड सहज खाणारे यंत्र पुरते.

जाडीच्या आकड्यापेक्षा तोंडाची रुंदी अधिक महत्त्वाची आहे. गुलमोहराची फांदी सरळ वाढत नाही, तिला जागोजागी बेचकी असतात. तोंड अरुंद असेल तर प्रत्येक बेचके कोयत्याने तोडून मगच फांदी आत सारावी लागते आणि एका माणसाची मजुरी त्यातच जाते. म्हणून तोंडाची रुंदी आणि उंची टेपने स्वतः मोजावी.

तिसरी पायरी: कापण्याची रचना आणि इंजिन पाहा

हलके चिपर प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. चकतीच्या चिपरमध्ये जड फिरत्या चकतीवर पाती बसवलेली असतात आणि त्याच चकतीवरचे पंखे चुरा नळीतून बाहेर फेकतात. त्याचा चुरा एकसारखा निघतो. ड्रमच्या चिपरमध्ये पाती आडव्या दंडगोलावर असतात. त्याचे तोंड रुंद ठेवता येते, त्यामुळे झाडोऱ्याला तो अधिक सोयीचा ठरतो. दोनशे किलोंच्या आतील बहुतेक यंत्रांत फांदी आत ओढण्यासाठी वेगळे रोलर नसतात. पातीच तिला ओढून घेतात, आणि म्हणून पात्यांची धार गेली की हे यंत्र फांदी ओढेनासे होते. रोलर असलेले यंत्र घेणार असाल, तर इंजिनाचे फेरे घटताच रोलर आपोआप थांबवणारी सोय त्यात आहे का, हे आवर्जून विचारावे.

इंजिनाची ताकद विचारताना ‘एचपी’चा नुसता आकडा ऐकून समाधान मानू नये. होंडाचे जीएक्स 390 हे 389 सीसीचे इंजिन अनेक वर्षे 13 एचपीचे म्हणून ओळखले गेले, पण त्याची नेट, म्हणजे प्रत्यक्ष मिळणारी, ताकद 8.7 किलोवॅट, म्हणजे सुमारे 11.7 एचपी आहे. त्याचे कोरडे, म्हणजे तेल-इंधनाशिवायचे, वजन साधारण 32 किलो भरते. तेवढ्याच ताकदीचे डिझेल इंजिन बरेच जड असते आणि छोट्या गाडीवर तो भार जाणवतो, म्हणून इंधनखर्च अधिक असूनही मी पेट्रोल इंजिनाचीच शिफारस करतो. नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हात हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंखांत, म्हणजे बाहेरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांत, बारीक भुसा अडकला, तर इंजिन लवकर तापते. एअर फिल्टर आणि हे पंख अवजारांशिवाय उघडून साफ करता येतात का, ते पाहावे.

चौथी पायरी: आपल्याच फांद्या नेऊन चाचणी घ्या

विक्रेता सहसा सरळ, ताजी, साल गुळगुळीत असलेली फांदी घालून दाखवतो. तिच्यावरून काहीही कळत नाही. आपण सोबत चार प्रकारचा माल न्यावा: वाळलेली बाभूळ, कारण तिचे लाकूड अत्यंत कठीण असून धारेची खरी परीक्षा तेथेच होते, गुलमोहराची बेचक्यांची फांदी, पानांनी गच्च भरलेला आसुपालव, कारण ओल्या पानांनी चुऱ्याची नळी तुंबते, आणि वडाची ताजी फांदी, जिचा चीक पात्यांवर चिकटून बसतो. किमान अर्धा तास यंत्र सलग चालवावे. चुरा स्वच्छ कापलेला असेल तर धार आणि पात्यांची जुळणी ठीक आहे, तो तंतूतंतूंचा व फाटलेला निघत असेल तर पाते आणि समोरची स्थिर पट्टी यांतील अंतर बिघडलेले आहे किंवा धार बोथट आहे. हे अंतर कसे नीट करायचे, हे विक्रेत्याने समोर करून दाखवावे. ताडवर्गीय झावळ्यांचे धागे फिरत्या भागांना गुंडाळले जातात, म्हणून त्या कोणत्याही हलक्या चिपरमध्ये जपूनच घालाव्यात.

नळी तुंबली तर झाकण किती मिनिटांत उघडते हेही मोजावे, पण इंजिन बंद झाल्यावर जड चाक बराच वेळ फिरत राहते. ते पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू न देणारी सोय असलेल्या यंत्रालाच पसंती द्यावी.

पाचवी पायरी: सुरक्षेच्या सोयींत तडजोड करू नका

या बाबतीत मी आग्रही आहे. तोंडाचा पत्रा इतका लांब हवा की हात पूर्ण आत घातला तरी पात्यांपर्यंत पोहोचू नये. तातडीने बंद करण्याचे बटण किंवा दांडा, फांदी सारणाऱ्या माणसाच्या सहज आवाक्यात असावा. अडकलेली फांदी हाताने किंवा पायाने कधीही ढकलू नये, दुसऱ्या लांब फांदीने सारावी. नागपूरच्या उन्हात तोंडाला दुपट्टा किंवा गमछा गुंडाळून काम करण्याची सवय सर्वांनाच आहे, पण चिपरजवळ तो मोकळा सुटलेला शेव जिवावर बेतू शकतो. शेव नसलेली घट्ट टोपी, डोळ्यांना जाळी किंवा चष्मा आणि कानांना संरक्षण, एवढे साहित्य यंत्राच्या किमतीतच धरावे. यंत्राचा आवाज मोठा असल्याने रुग्णालये आणि शाळा यांच्या भोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रातील काम कसे करायचे, हेही आधीच ठरवावे.

सहावी पायरी: पाती, धार आणि चुऱ्याची विल्हेवाट

पात्यांचा दुसरा संच, पट्टा आणि समोरची स्थिर पट्टी नागपुरातच मिळते की दर वेळी बाहेरून मागवावी लागते, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. एक पाते दुसऱ्यापेक्षा अधिक घासले गेले तर चाकाचा तोल जातो आणि यंत्र थरथरू लागते, म्हणून धार लावणाऱ्याकडे दोन्ही पाती एकत्रच द्यावीत आणि परत घेताना त्यांचे वजन जुळवून पाहावे.

चुरा जाळण्याचा विचारही करू नये, उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई आहे. बंगल्याच्या बागेतली छाटणी असेल तर मालकाला विचारून तो तेथेच झाडांच्या आळ्यांत, खोडापासून थोडे अंतर सोडून, आच्छादन म्हणून पसरावा. वैशाखात मातीतली ओल टिकून राहते आणि आपली एक खेप वाचते. काटोल-कळमेश्वर भागातील संत्रा बागायतदारांनाही आच्छादनासाठी तो विचारून पाहावा.

यंत्र घेतल्यानंतर पहिल्या पावसाळ्यात एकदा चुऱ्याने भरलेली गाडी पुन्हा धर्मकाट्यावर न्यावी. भिजलेला चुरा उन्हाळ्यातल्यापेक्षा बराच जड भरतो. त्या वजनावरून हौद्याच्या आतल्या बाजूला रंगाने एक रेघ मारून घ्यावी आणि पावसाळ्यात त्या रेघेच्या वर चुरा भरू देऊ नये.