एका क्लिकला किती पडतात? ॲफिलिएटवाल्यांसाठी सर्च जाहिरातींचा हिशेब

ॲफिलिएट मार्केटिंग (आपल्या लिंकवरून दुसऱ्याचा माल विकला गेला की कमिशन मिळवणं) शिकायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी हेच विचारतो: "गूगलवर एका क्लिकला किती पडतात?" याला एक आकडा सांगता येत नाही, कारण गूगलकडे दरपत्रक नाही. कुणी काही सर्च केलं की त्या क्षणी, त्या शब्दांपुरता लिलाव होतो. तुमची सीपीसी, म्हणजे क्लिकची किंमत, त्यातून निघते.

मार्केट यार्डातल्या लिलावात ज्याची बोली मोठी त्याला माल मिळतो आणि बोललेली रक्कम तो मोजतो. 1998 साली बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने सर्च जाहिरातीत साधारण हेच आणलं. जास्त बोलाल तर वर दिसाल, आणि क्लिक झाला की बोलीइतके पैसे जातील. (हीच कंपनी पुढे ओव्हर्चर झाली आणि 2003 मध्ये याहूने घेतली.) गूगलचं ॲडवर्ड्स ऑक्टोबर 2000 मध्ये आलं, तेव्हा पैसे क्लिकवर नव्हते, जाहिरात किती वेळा दिसली त्यावर होते. 2002 मध्ये गूगल क्लिकवर आलं, पण दोन बदल करून. बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही मोजायला लागलं, आणि खालच्याला मागे टाकायला जेवढे लागतील तेवढेच पैसे घ्यायला लागलं. 2018 पासून नाव गूगल ॲड्स झालं, गाभा तोच राहिला.

आकडे घेऊन बघा. तुमची बोली 12 रुपये, दर्जा 8; गुणाकार 96. दुसऱ्याची बोली 15, दर्जा 5, गुणाकार 75. तिसऱ्याची बोली 10, दर्जा 4, गुणाकार 40. कमी बोलूनही तुम्ही वर. आणि द्यायचे किती? खालच्याचे 75 भागिले तुमचे 8, वर एक पैसा: साधारण 9 रुपये 38 पैसे. तुमचा दर्जा 8 ऐवजी 5 असता तर त्याच जागेसाठी 15 रुपयांच्या वर जावं लागलं असतं. बोली तुमच्या हातात, किंमत शेजाऱ्याच्या हातात, आणि दोन्हींच्या मध्ये दर्जा.

खरा हिशेब एवढा सरळ नाही. डिव्हाइस, ठिकाण, वेळ, सर्चमागचा हेतू हे सगळं त्या क्षणी धरलं जातं. शिवाय किमान पातळी असते, त्यामुळे लिलावात एकटे असलात तरी क्लिक फुकटात पडत नाही. खात्यात दिसणारा 1 ते 10 चा क्वालिटी स्कोअर लिलावात थेट वापरला जात नाही, तो आजार ओळखायचा रिपोर्ट आहे. क्लिक होण्याची अपेक्षा, जाहिरात शब्दांशी किती जुळते आणि लँडिंग पेज (क्लिकनंतर उघडणारं पान) कसं आहे, हे तीन भाग त्यात वेगवेगळे दिसतात. मी आकडा सोडून देतो आणि "सरासरीपेक्षा कमी" कुठे लिहिलंय तेवढं बघतो.

इथवरचं कुठल्याही कोर्समध्ये मिळतं. ॲफिलिएटची अडचण पुढे सुरू होते.

समजा 4,000 रुपयांचा मिक्सर आहे आणि कमिशन 5 टक्के. एका ऑर्डरचे 200 रुपये. जाहिरातीवरून 100 जण तुमच्या पानावर आले, त्यातले 30 पुढे दुकानाच्या साइटवर गेले आणि एकाने विकत घेतला. म्हणजे एका क्लिकची कमाई 2 रुपये. दहातली एक ऑर्डर परत जाते असं धरा, 1 रुपया 80 पैसे उरले. गूगलच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि तुमची नोंदणी नसेल तर तो परत मिळत नाही. म्हणजे दीड रुपयाच्या आसपास तुमची ना नफा ना तोटा रेषा. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे वेगळे येतील, पण हा हिशेब कागदावर असल्याशिवाय कीवर्ड प्लॅनर (शब्दांचे अंदाजे दर दाखवणारं गूगलचं साधन) उघडू नका. तिथे पानाच्या वरच्या जागेसाठी 9 ते 22 रुपये दिसले, तर ते शब्द तुमच्यासाठी नाहीत.

मग 22 रुपये देणारा वेडा आहे का? नाही. तो स्वतः मिक्सर विकतो. त्याच्याकडे अख्खं मार्जिन आहे, गिऱ्हाईक पुढे पुन्हा त्याच्याकडेच येणार आहे. तुम्ही त्याच्या मार्जिनमधल्या एका तुकड्यावर त्याच्याशीच बोली लावताय. नवे लोक बोली वाढवत राहतात आणि लिलाव जिंकून पैसे हरतात.

त्यामुळे दुकानदार ज्यावर जोर लावत नाही ते शब्द शोधायचे. "मिक्सर खरेदी" सोडा. "500 की 750 वॅट", "इडलीच्या पिठाला कोणता मिक्सर", दोन मॉडेलांची तुलना, इथे जा. मराठीतले शब्दही तपासा, देवनागरीत आणि रोमन लिपीत टाइप केलेले, दोन्ही. सर्च कमी असतात, पण बोली लावणारेही कमी. सुरुवातीला एक्झॅक्ट मॅच (सर्चचा अर्थ तुमच्या शब्दांचाच असावा) आणि फ्रेज मॅच (तुमच्या शब्दांचा अर्थ सर्चमध्ये असावा) पुरे. ब्रॉड मॅचवर (संबंधित वाटणारा कुठलाही सर्च चालतो) "मिक्सर" ठेवलात तर दुरुस्ती, सर्व्हिस सेंटर, सेकंड हँड, जारचं झाकण, कस्टमर केअर नंबर या सगळ्यांचे पैसे तुम्ही भराल. हे शब्द पहिल्याच दिवशी निगेटिव्ह कीवर्डमध्ये (ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत) टाका आणि सर्च टर्म्सचा रिपोर्ट, म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष काय सर्च केलं त्याची यादी, वाचत राहा. तो रिपोर्ट पूर्ण नसतो, फार थोड्यांनी केलेले सर्च त्यात दिसत नाहीत, तरी त्याच्याइतकं शिकवणारं खात्यात दुसरं काही नाही.

आपोआप बोली लावणाऱ्या स्मार्ट बिडिंगबद्दल सावध. विक्री दुकानाच्या साइटवर होते, तिथे तुमचा कन्व्हर्जन टॅग (विक्री झाली हे गूगलला कळवणारा कोड) बसत नाही. म्हणून बरेच जण "लिंकवर क्लिक" हेच कन्व्हर्जन धरतात. मशीन मग इमानेइतबारे क्लिक करणारी माणसं आणतं, विकत घेणारी नव्हे. तुमचं नेटवर्क (दुकानं आणि ॲफिलिएट यांना जोडणारी कंपनी) सब-आयडी, म्हणजे लिंकला जोडायची तुमची खूण, देत असेल तर गूगलचा क्लिक आयडी (प्रत्येक क्लिकची वेगळी ओळख) त्यात पाठवा आणि झालेल्या विक्रीची यादी नंतर गूगल ॲड्समध्ये अपलोड करा. कंटाळवाणं काम आहे, पण कोणत्या शब्दाने विक्री दिली हे तेव्हाच कळतं. ते जमेपर्यंत मॅन्युअल सीपीसी, म्हणजे हाताने लावलेली बोली, बरी.

कार्ड जोडण्याआधी ॲफिलिएट प्रोग्रामच्या अटी वाचा. बऱ्याच ठिकाणी कंपनीच्या नावावर बोली लावायला बंदी असते. ॲमेझॉनच्या असोसिएट्स प्रोग्राममध्येही त्यांचं नाव असलेल्या शब्दांवर सर्च जाहिरात चालत नाही. अट मोडली तर जमा झालेलं कमिशनही जाऊ शकतं. दुसऱ्या बाजूने गूगललाही फक्त पुढे ढकलणारं पान चालत नाही, पानावर तुमचं स्वतःचं काही हवं: तुलना, फोटो, वापरून लिहिलेलं मत.

रोजचं बजेट 300 ठेवलंत तर एखाद्या दिवशी 600 पर्यंत खर्च दिसेल, दचकू नका. महिन्याला मात्र 300 गुणिले 30.4, म्हणजे 9,120 च्या वर बिल जात नाही, जीएसटी वेगळा. हे पैसे लगेच जातात. कमिशन परताव्याची मुदत संपल्यावर मंजूर होतं आणि हातात त्यानंतर पडतं. दोन-तीन महिन्यांचा जाहिरात खर्च खिशातून निघेल एवढी रक्कम बाजूला नसेल, तर रोजचं बजेट 300 ऐवजी 100 ठेवा आणि शब्दही तेवढेच कमी निवडा.