परदेशी शिक्षणाचे अंदाजपत्रक: रकमेच्या आधी तारीख

परदेशातील विद्यापीठात शिकायला जायचे ठरले की पहिला प्रश्न निघतो तो ‘एकूण किती लागतील?’ हा. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. वर्षभराच्या खर्चाची तजवीज झालेली असूनही विद्यार्थी अडचणीत येतात, कारण पैसे ज्या दिवशी भरायचे असतात त्या दिवशी ते हाताशी नसतात, किंवा असतात ते दुसऱ्याच चलनात अडकलेले. म्हणून अंदाजपत्रकाचा तक्ता करताना प्रत्येक खर्चापुढे रक्कम, चलन, भरण्याची अंतिम तारीख आणि तो पैसा कोठून येणार, असे चार रकाने आखावेत. तारखेचा रकाना रिकामा असेल तर ती नोंद अजून अपुरी आहे असे समजावे.

तक्ता तारखांनुसार लावला की खर्चाचा बराच मोठा भाग पहिल्या व्याख्यानापूर्वीच येऊन जातो हे लक्षात येते. अर्जाचे शुल्क, भाषेची परीक्षा, प्रवेश निश्चित करण्यासाठीची रक्कम, व्हिसा, आरोग्य विमा, विमानप्रवास आणि घराची अनामत हे सारे त्यात आले, आणि यातील काही पैसे कोणत्याही परिस्थितीत परत मिळत नाहीत. अमेरिकेच्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी अर्जशुल्काखेरीज सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीचे ३५० डॉलर वेगळे भरावे लागतात. ऑस्ट्रेलियाचे विद्यार्थी व्हिसाचे शुल्क १ जुलै २०२४ रोजी ७१० वरून १,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि वर्षभरातच २,००० डॉलर झाले. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांसाठीचा आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठीचे शुल्क) वर्षाला ७७६ पौंड आहे, पण तो वर्षावर्षाने नव्हे, तर व्हिसाच्या संपूर्ण मुदतीसाठी अर्जाबरोबरच घेतला जातो; आणि एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा व्हिसा बारा महिन्यांहून अधिक काळाचा असल्याने हा आकडा साधारणपणे दीडपट, म्हणजे १,१६४ पौंड होतो. प्रवेशासाठी भरलेली रक्कम व्हिसा नाकारला गेल्यास परत मिळते का, आणि मिळत असल्यास किती कपात करून, हे विद्यापीठाच्या परतावा नियमांत पैसे भरण्यापूर्वी वाचावे.

येथेच एक गैरसमज दूर करायला हवा. व्हिसासाठी जी रक्कम दाखवावी लागते, ती राहण्याच्या खर्चाचा अंदाज नसून सरकारने ठरवलेली किमान पात्रता असते. जर्मनीत बंदिस्त खात्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागू लागले. त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात, आणि महागड्या शहरात तेवढ्यात भागत नाही. ब्रिटनचा नियम याहून फसवा आहे. तेथे राहण्याच्या खर्चाची पात्रता जास्तीत जास्त नऊ महिन्यांसाठी मोजली जाते, तर एका वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा बारा महिने चालतो. म्हणजे नेमक्या प्रबंध लिहिण्याच्या तीन महिन्यांचा खर्च या हिशेबात धरलेलाच नसतो. शिवाय ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते आणि मधल्या एका दिवशीही ती कमी झालेली चालत नाही, त्यामुळे त्या काळात विमानाचे तिकीट काढायचे असेल तर त्याचे पैसे दुसरीकडे ठेवावेत. हे आकडे बदलतातही झपाट्याने. कॅनडात क्युबेकबाहेर एकट्या विद्यार्थ्यासाठीची मर्यादा अनेक वर्षे १०,००० कॅनेडियन डॉलर होती. ती १ जानेवारी २०२४ पासून २०,६३५ आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ झाली. आदल्या वर्षी गेलेल्या मित्राचा तक्ता उतरवून घेणे म्हणूनच धोक्याचे आहे.

शिक्षणशुल्काबाबत तीन गोष्टी विचाराव्यात: ते वर्षावर आकारले जाते की श्रेयांकांवर (क्रेडिट्सवर), अभ्यासक्रम सुरू असताना ते वाढू शकते का, आणि हप्ते मिळतात का. ‘मोफत शिक्षण’ हा शब्दही तपासून घ्यावा. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसले, तरी बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. नॉर्वेने तर युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीचे मोफत शिक्षण २०२३ मध्ये बंद केले.

घरभाडे हा एकच खर्च असा आहे की त्यात चूक झाली तर ती दर महिन्याला भोवते, म्हणून त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात भाडे सहसा आठवड्याचे सांगतात. आठवड्याला २०० म्हणजे महिन्याला ८०० असे मनात येते, पण महिना चार आठवड्यांचा नसतो: २०० ला ५२ ने गुणून १२ ने भागले की ८६७ येतात आणि वर्षाला ८०० चा फरक पडतो. दोन वसतिगृहांची तुलना करताना आठवड्याचे भाडे पाहू नये, तर करार किती आठवड्यांचा आहे ते पाहून एकूण रक्कम पाहावी. ५१ आठवड्यांची स्वस्त खोली ४४ आठवड्यांच्या महाग खोलीपेक्षा जास्त पैसे नेऊ शकते. जर्मनीत ‘थंड’ भाडे आणि ‘उबदार’ भाडे असे दोन आकडे असतात. पहिल्यात उष्णतेचा व इमारतीच्या देखभालीचा खर्च नसतो, आणि वीज व इंटरनेट पुष्कळदा दोन्हींत नसते. अनामतही देशागणिक बदलते. जर्मनीत ती थंड भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत असू शकते, इंग्लंडमध्ये बहुतेक घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा आहे. ती घर सोडल्यानंतर परत मिळते, त्यामुळे नव्या घराच्या अनामतीसाठी जुन्या अनामतीवर विसंबता येत नाही.

पैसे पाठवण्याचा खर्च तक्त्यात क्वचितच दिसतो. ‘शून्य शुल्क’ असे सांगणारी सेवा आपला नफा विनिमय दरातच काढते, म्हणून शुल्कांची तुलना न करता एकच प्रश्न विचारावा: माझ्याकडून अमुक रक्कम गेली, तर समोरच्या खात्यात नेमके किती पोहोचतील? स्विफ्टमार्गे, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून, पैसे जाताना मधल्या बँका आपले शुल्क कापून घेऊ शकतात आणि विद्यापीठाकडे फी वीस-तीस डॉलरने कमी पोहोचते. तेवढ्यावरून नोंदणी अडून राहू नये यासाठी सर्व शुल्क पाठवणाऱ्याने सोसण्याचा पर्याय निवडावा. परदेशात कार्ड वापरताना यंत्राने ‘तुमच्या देशाच्या चलनात पैसे घेऊ का?’ असे विचारले तर नकार द्यावा, कारण तो दर बहुतेक वेळा वाईट असतो. तक्ता मात्र जेथे शिकायचे त्या देशाच्याच चलनात ठेवावा, आणि घरून येणाऱ्या पैशांचे रूपांतर करताना आजच्या दरापेक्षा आठ-दहा टक्के वाईट दर धरावा. एवढा बदल एका वर्षात होणे मुळीच दुर्मीळ नाही.

अर्धवेळ कामाची मिळकत पहिल्या सत्राच्या हिशेबात शून्य धरावी, असे माझे ठाम मत आहे. काम मिळायला, कर क्रमांक यायला आणि बँक खाते उघडायला आठवडे जातात, आणि मिळाल्यावरही कायद्याची मर्यादा असते. ब्रिटनमध्ये पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सत्रकाळात आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, कॅनडात विद्यापीठाबाहेर आठवड्याला २४ तास आणि जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. अमेरिकेत पहिल्या शैक्षणिक वर्षात सर्वसाधारणपणे विद्यापीठाच्या आवारातच काम करावे लागते. मर्यादा ओलांडली तर व्हिसाच धोक्यात येतो. शिष्यवृत्तीही जमेला धरण्यापूर्वी नीट वाचावी: ती शिक्षणशुल्कातून वजा होते की हातात येते, बारा महिने मिळते की नऊ, आणि गुण घसरल्यास थांबते का? हातात येणारी शिष्यवृत्ती पहिल्यांदा नोंदणी झाल्यावर, म्हणजे बहुधा सत्र सुरू झाल्यानंतरच येते. तोवरचे भाडे स्वतःच्या पैशांतून द्यावे लागते.

पोहोचल्यावर पहिले सहा आठवडे तक्त्यातील इतर कोणत्याही सहा आठवड्यांपेक्षा महाग जातात, कारण अंथरूण-पांघरूण, भांडी, सिमकार्ड, प्रवासाचा पास आणि थंडीचे कपडे एकदमच घ्यावे लागतात. यासाठी वेगळी रक्कम ठेवावी आणि ती मासिक सरासरीत मिसळू नये. त्यानंतर आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी, प्रत्यक्ष खर्च तक्त्याशी ताडून पाहावा. रोज पै-पै लिहिण्याचा नेम फार दिवस टिकत नाही. राखीव निधी किमान दोन महिन्यांच्या खर्चाइतका आणि त्यावर परतीच्या एका तातडीच्या तिकिटाइतका असावा, आणि तो लगेच काढता येईल अशा खात्यात असावा.

अभ्यासक्रम एकाहून अधिक वर्षांचा असेल आणि निवास परवाना मध्येच संपणार असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी पुढच्या काळाचे पैसे पुन्हा दाखवावे लागतात. बंदिस्त खात्यातील रक्कम तोवर महिन्यामहिन्याने संपलेली असते. त्यामुळे परवान्याच्या शेवटच्या तारखेपासून चार-पाच महिने मागे मोजून जो दिवस येतो, तो पहिल्याच तक्त्यात लिहून ठेवावा, आणि त्याच्यापुढे हा पैसा कोण, कोणत्या चलनात आणि केव्हा पाठवणार हेही नोंदवावे.