विकास कार्यक्रमांत अपंग व्यक्तींना सामील कसे करून घ्यावे
परदेशी निधीतून पाणी, शिक्षण किंवा उपजीविकेचा कार्यक्रम आखताना अपंग व्यक्तींचा विचार पहिल्या बैठकीपासूनच करावा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्ती हक्क करारातील ३२ वे कलम आंतरराष्ट्रीय सहकार्याकडून हीच अपेक्षा ठेवते. आराखडा लिहिण्यापूर्वी स्थानिक अपंग संघटनांना बोलवावे आणि त्यांच्या वेळेचे मानधनही द्यावे.

पाहणीत ‘घरात कोणी अपंग आहे का?’ असे थेट विचारू नये, कारण संकोचापोटी अनेक कुटुंबे नाही म्हणतात. त्याऐवजी वॉशिंग्टन गटाचे, म्हणजे अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करावी हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे, सहा प्रश्न वापरावेत. पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे, स्वतःची काळजी घेणे आणि संवाद साधणे यांत कितपत अडचण येते, एवढेच त्यांत विचारतात. एका जरी प्रश्नाला ‘खूप अडचण येते’ किंवा ‘अजिबात जमत नाही’ असे उत्तर आले, तर त्या व्यक्तीची गणना अपंगांत होते. मानसिक आजारातून आलेले अपंगत्व मात्र या प्रश्नांतून बरेचदा निसटते, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. त्यासाठी स्वतंत्र चौकशी करावी.

रॅम्प, सांकेतिक भाषेचे दुभाषी आणि मदतनिसाचा प्रवासखर्च यांची तरतूद मूळ अंदाजपत्रकातच असावी. हातपंपाचा ओटा बांधून झाल्यावर त्याला उतार जोडणे महाग पडते आणि बहुधा राहूनच जाते.