वारा दहा मीटर/सेकंदाच्या पुढे गेला की पवनचक्कीचं बीईएम मॉडेल कमी बल दाखवतं: माझा अनुभव

फोंड्यात प्रकल्पासाठी मी बीईएम कोड (पात्याचे छोटे भाग पाडून प्रत्येकावरचं बल काढणारा) एनआरईएल या अमेरिकी ऊर्जा प्रयोगशाळेच्या फेज सिक्स पवनचक्की प्रयोगाच्या मोजमापांशी (नासा एम्सचा वातबोगदा, २०००, एस८०९ छेदाकाराचं पातं) ताडून पाहत होतो. ७ मी./से.ला आकडे जुळायचे. १०च्या पुढे मुळाजवळ, ३० टक्के त्रिज्येवर, लंबबल (छेदाच्या जीवेला म्हणजे रुंदीला लंब असलेलं बल) फार कमी यायचं.

पात्याचे भाग वाढवले, प्रांट्लचा टोक-घटक (टोकाशी होणारी बलाची घट धरणारा) तपासला. काही उपयोग नाही, डोकं उठलं.

कारण: फिरत्या पात्यावर मुळाशी स्टॉल (हवा पृष्ठभागापासून सुटून उत्थापन घसरणं) उशिरा येतो, छेदाच्या द्विमितीय तक्त्यात (कोनागणिक बलाचे गुणांक, पातं न फिरता) ते नसतं. आधी प्रत्येक छेदाला स्नेलची दुरुस्ती (या उशिरा येणाऱ्या स्टॉलसाठीचं सूत्र) लावा: जीवा भागिले त्या छेदाची त्रिज्या, त्याचा वर्ग, गुणिले ३, गुणिले (स्टॉलविना उत्थापन गुणांक वजा तक्त्यातला). उत्तर तक्त्यातल्या गुणांकात मिळवा. मगच व्हिटर्ना पद्धतीने तक्ता ३६० अंशांपर्यंतच्या कोनांना वाढवा. हा क्रम महत्त्वाचा. टोकाला दुरुस्ती आपोआप नगण्य होते. नुसता टॉर्क नको, छेदागणिक बल ताडा.