बेस गिटारची घरच्या घरी दुरुस्ती : गोव्याच्या हवेत या चुका टाळा

मिरग लागला की गोव्यात बेस गिटारी बिघडायला लागतात, असं आपण म्हणतो. खरं तर त्यांतल्या बऱ्याच बिघडलेल्या नसतात, फक्त हवा बदललेली असते. जूनमध्ये तारा अचानक उंच वाटू लागतात किंवा एखाद्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, चरचर सुरू होते. हौशी वादक पाना घेऊन बसतो. चतुर्थीपर्यंत तीन-चार स्क्रू फिरवून झालेले असतात, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तीच गिटार वाजवण्यासारखी राहत नाही. मग ती कुणीतरी पडेल त्या किमतीला विकून टाकतो. मला हे बघवत नाही, कारण बेस हे घरी दुरुस्त करता येण्यासारखं वाद्य आहे. गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हाच त्याचा नेक, म्हणजे मान, बॉडीला स्क्रूंनी जोडला होता. चिकटवलेला नव्हता. बिघडला की काढा, बदला, असा त्यामागचा हिशेब होता. आज आपल्या हातात असलेल्या बहुतेक स्वस्त बेस त्याच पद्धतीने बनतात.

भजन-फ्यूजनच्या ग्रुपात, गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात किंवा किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजवणाऱ्यांसाठी माझं एकच सांगणं आहे. मोजल्याशिवाय काही फिरवू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका हे दोन नियम मोडल्यानेच होतात.

तारा उंच झाल्या म्हणून ट्रस रॉड आवळणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चार तारांच्या नेहमीच्या लाँग स्केल बेसवर, म्हणजे ३४ इंची, साध्या निकेलच्या तारांचा एकूण ताण सुमारे ८० किलो असतो. सहा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारवर तो साधारण ४५ ते ५० किलो असतो. एवढा ताण नेकला पुढे ओढतो आणि आतली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, त्याला मागे धरून ठेवते. ट्रस रॉडचं काम नेकचा बाक ठरवण्याचं आहे. तारांची उंची ब्रिजवरच्या सॅडलने, म्हणजे बॉडीकडच्या टोकाला तार टेकते त्या तुकड्याने ठरते. ही दोन कामं वेगळी आहेत हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं नुकसान टळतं.

बाक मोजायला महागडं काही लागत नाही. बाइकचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो ते फिलर गेज पुरतं, म्हापसा-मडगावात स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतं. गिटार सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर सगळ्यात जाड ई (E) तार बोटाने दाबा. आता ती ताणलेली तार हीच तुमची पट्टी. आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांत ०.३० ते ०.३५ मिमीची पाती जेमतेम सरकली पाहिजे, तार न उचलता. पाती तारेला ढकलत असेल तर बाक कमी आहे. वर ढळढळीत फट दिसत असेल तर जास्त. वाजताना तार मध्यभागी रुंद हलते, तिला जागा लागते, म्हणून नेक अगदी सपाट असून चालत नाही.

ट्रस रॉड फिरवायचाच असेल तर त्याच्या टोकाच्या नटाकडे तोंड करून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने घट्ट आणि उलट सैल. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात लावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, लाकडाला वेळ लागतो. पहिल्यांदाच हात लावत असाल तर आधी थोडं सैल करून पाहा, म्हणजे नट अडकलाय की मोकळा आहे ते कळतं. दमट हवेत काही नेक पुढे झुकतात, काही मागे. लाकूड कोणतं, फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली नेकवरची लाकडी पट्टी) किती जाड, यावर ते ठरतं. म्हणून मित्राच्या गिटारला जे केलं ते आपल्या गिटारला करू नका.

पानाही नीट निवडा. अमेरिकन बनावटीच्या बऱ्याच बेसना ३/१६ इंची ॲलन की लागते, म्हणजे ४.७६ मिमी. आपल्याकडच्या सेटमधली साडेचारची की आत जाते, थोडी खेळते, पण चालून जाईल असं वाटतं. जोर लावला की षटकोनी खाच गोल होते. मग ते नट काढणं हे कारागिराचं काम होऊन बसतं.

चरचर आली की फ्रेट घासणे

चरचर कुठे येते ते आधी ऐका. पहिल्या चार-पाच फ्रेटांवरच येत असेल तर बहुधा बाक कमी पडलाय. बाराव्याच्या पुढे येत असेल तर सॅडल फार खाली आहे किंवा नेकचा बॉडीकडचा भाग उचलला गेलाय. एकाच फ्रेटवर येत असेल तर तो फ्रेट वर आला असेल. तिन्ही ठिकाणी उपाय वेगळा आहे. कानस हातात घ्यायची वेळ आलीच तर ती शेवटी, कारण घासलेला फ्रेट परत उंच होत नाही.

आणखी एक फसवणारी गोष्ट म्हणजे मुका सूर. सगळ्यात बारीक जी (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर वाजतो आणि लगेच विरतो. अनेकांना वाटतं फ्रेट खराब आहे. तसं नसतं. त्या कंपनसंख्येला नेक स्वतः हलू लागतो आणि तारेची ऊर्जा पिऊन टाकतो. महागड्या बेसवरही ही जागा असते. हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला, लहान क्लॅम्प लावून पाहा. सूर थोडा लांबला किंवा दुसऱ्या फ्रेटवर सरकला, तर फ्रेटचा काहीच दोष नाही.

जुन्या तारांवर इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर लागतो का ते, बघत बसू नका. समुद्राच्या हवेत तारा लवकर गंजतात आणि गंजलेली तार सगळीकडे सारखी जाड राहत नाही, मग बाराव्या फ्रेटचा सूर कितीही सॅडल हलवली तरी जुळत नाही. क्रम असा ठेवा : नव्या तारा, सूर, बाक, उंची, मग इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरा असेल तर पुढे. नवी तार आधी कापून मग खुंटीला गुंडाळू नका. कापायच्या जागी काटकोनात मोडा, मग कापा. नाहीतर आतली तार आणि वरचं वेटोळं एकमेकांवर सरकू शकतं आणि तार मेल्यासारखी वाजते.

सॅडल तळाला टेकल्या तरी तारा उंचच राहतात, तेव्हा नेकच्या खोबणीत, ब्रिजकडच्या टोकाला, पातळ तुकडा घालून कोन बदलावा लागतो. इथे व्हिजिटिंग कार्ड घडी करून घालायची सवय सर्रास दिसते. आपल्या पावसाळ्यात ते कार्ड ओल धरतं आणि दबतं. सुताराकडून अर्धा मिमीची विनिअरची पट्टी मागा, खोबणीच्या मापाची कापा. तारा सैल केल्याशिवाय नेकचे स्क्रू सोडू नका. परत लावताना स्क्रू आधी हलकेच उलटा फिरवा. ‘टक्’ असं जाणवलं की तो जुन्या आट्यात बसला, मग आवळा. असं केलं नाही तर प्रत्येक वेळी लाकडात नवे आटे पडतात आणि शेवटी भोक ढिलं होतं. आटे गेलेच असतील तर टूथपिकच्या काड्या फेविकॉल लावून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या. फेविक्विक ओतू नका.

हम येतो म्हणून पिकअप बदलणे

डिचोलीच्या एका मित्राची बेस सतत घुमायची. तारांना हात लावला तरी हम कमी होत नव्हता. नवे पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग, मागवायच्या बेतात होता. आम्ही ब्रिजचे स्क्रू सोडले. बॉडीतून वर आलेली बारीक वायर ब्रिजखाली चेपून बसवलेली असते, तिचं टोक हिरवं पडलं होतं आणि बोटाने चोळल्यावर भुगा झाला. ब्रिजच्या खालच्या बाजूलाही मिठाचा पांढरट थर होता. वायर दोन सेंमी मागे सोलली, ब्रिजचा तेवढा भाग पॉलिश पेपरने घासला, परत आवळलं. हम गेला.

तेव्हा आधी मल्टिमीटर. एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या भागाला, वाचन शून्याच्या जवळ हवं. मग पिकअप. जॅझ बेसच्या (फेंडरचंच दुसरं मॉडेल) धर्तीचा साधारण ७ ते ८ किलोओहम दाखवतो, प्रिसिजनच्या धर्तीचा १० ते ११. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलीय. ती तार ०.०६ मिमीच्या आसपास असते, केसासारखी, आणि घाम-खारं वारं तिला खातं. जॅझ बेसचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की हम जातो आणि एक कमी केला की येतो, हा मात्र बिघाड नव्हे. सिंगल कॉइल पिकअपांची जोडी तशीच बनवलेली असते. आत तांब्याची पट्टी चिकटवल्यानेही तो हम जात नाही. पट्टीने ट्यूबलाइटची, डिमरची खरखर कमी होते. पट्ट्यांचे जोड सोल्डरने टाका आणि ग्राउंडला जोडा. सुटी पट्टी काही कामाची नाही.

आता जिवावर बेतणारी चूक. अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात किंवा जत्रेच्या स्टेजवर ॲम्पचा हम जावा म्हणून कुणी तिसरी पिन कापून टाकतो, कुणी दोन पिनांचा जुगाड करतो. बेसच्या तारा ब्रिजमार्गे थेट ॲम्पच्या चॅसिसला जोडलेल्या असतात. ॲम्पमध्ये बिघाड होऊन चॅसिसवर २३० व्होल्ट आले, आणि तुमचे ओठ दुसरीकडे अर्थ झालेल्या माइकला लागले, तर प्रवाह तुमच्यातून जातो. पावसात भिजलेल्या मांडवात तर विचारूच नका. हम सहन करा, पण अर्थची पिन कापू नका. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर वाजवण्याआधी मंडपवाल्याच्या वायरमनला अर्थ तपासायला सांगा, आणि त्याने तपासलं नाही तर प्लग लावू नका.

पॉट, सोल्डर आणि बॅटरी

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते म्हणून गंज काढायचा साधा स्प्रे पॉटमध्ये, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या भागात, मारू नका. आतलं ग्रीस धुऊन जातं आणि मागे तेलकट थर राहतो, त्यावर धूळ बसते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला काँटॅक्ट क्लीनर घ्या, थोडा मारा, नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. बहुतेक पॉट तेवढ्यावर सुधारतात.

बदलायचाच असेल तर जुन्याचं मूल्य वाचा. साध्या पॅसिव्ह (बिनबॅटरीच्या) बेसमध्ये बहुधा २५० के, म्हणजे किलोओहमचे, असतात. ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपांना २५ के लागतात. तिथे २५० केचा पॉट बसवला तर आवाज हळूहळू न वाढता शेवटी एकदम उसळतो. पॉटच्या पाठीवर ग्राउंड जोडताना आधी ती जागा घासा, सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक रुंद घ्या, तीन-चार सेकंदांत काम उरका. बारीक टोकाने मिनिटभर तापवत बसलं की आतला कार्बनचा थर जळतो. नळ जोडायचा ॲसिड फ्लक्स इथे अजिबात नको, तो पुढे वायर खातो.

ॲक्टिव्ह बेसचा जॅक बदलताना हमखास होणारी चूक म्हणजे मोनो जॅक बसवणे. जुना जॅक स्टीरिओ असतो, कारण बॅटरीची काळी वायर त्याच्या मधल्या टोकाला जोडलेली असते आणि केबल घातली की तिथूनच सर्किट पूर्ण होतं. म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढायची, नाहीतर ९ व्होल्टची बॅटरी रात्रभर उतरत राहते. पावसाळाभर वापरणार नसाल तर बॅटरीच काढून ठेवा. तिचा पाझर सर्किट खराब करतो.

तेल, ऊन आणि प्लास्टिक

फिंगरबोर्डला खोबरेल लावू नका. ते खवट होतं, मळ धरतं. रोजवूडला वर्षातून एकदा, कोरड्या दिवसांत, फिंगरबोर्डसाठी मिळणारं तेल दोन थेंब पुरतं. वार्निश केलेल्या मेपलला तेही नको. बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली ठेवा. अंगणात उन्हात टाकली की फिंगरबोर्ड आणि नेक वेगवेगळ्या वेगाने सुकतात आणि जोड सुटू शकतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर ओल आतच कोंडते. चांगली जागा म्हणजे बाहेरच्या भिंतीपासून लांब, केसमध्ये सिलिका जेल, आणि पाचशे रुपयांच्या आसपास मिळणारा एखादा आर्द्रतामापक. ४५ ते ५५ टक्के ही लाकडाची आवडती हवा. जुलैत ती मिळणार नाही, पण बंद कपाटात ६० च्या खाली आणता आली तरी पुष्कळ.

पावसाळ्यात फ्रेटलेस करायला बसणे

जॅको पास्टोरियस या अमेरिकन बेसवादकाच्या १९६२ च्या जॅझ बेसला फ्रेट नव्हते, आणि त्याने फिंगरबोर्डवर बोटींसाठीचं इपॉक्सी चढवलं होतं. तेव्हापासून हा मोह प्रत्येक बेसवाल्याला एकदा तरी होतो. करून पाहायला हरकत नाही, पण जुन्या, स्वस्त नेकवर. फ्रेट थंड असताना ओढले की लाकडाच्या कपच्या निघतात. सोल्डरिंगच्या इस्त्रीने फ्रेट तापवा आणि मग सपाट तोंडाच्या पकडीने हळूहळू उचला. रिकाम्या खाचा विनिअरने भरल्याशिवाय तारा चढवू नका, कारण फ्रेटांची पाचर निघाली की नेक ढिला पडतो. खुंट्यांकडच्या नटाच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचाही खोल कराव्या लागतात, फ्रेटची उंची आता उरली नाही.

बोटींचं सामान विकणाऱ्याकडे इपॉक्सी मागितलं की कधी कधी फायबरच्या होड्यांना लागणारं पॉलिएस्टर रेझिन हातात पडतं. डबा वाचून घ्या. आणि हे काम पावसाळ्यात करू नका. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट, मेणचट थर येतो आणि लॅकर पांढुरकं पडतं. नोव्हेंबर उजाडू द्या. पहिला थर पूर्ण कडक झाल्यावर घासा, मग दुसरा द्या, आणि शेवटी फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेटोळ्याच्या) तारा चढवा, राउंडवाउंड (खरखरीत वेटोळ्याच्या) तारा त्या थराला लवकर चरे पाडतात.